भाड्याचे घर विकून दुसरे घेताना : अमेरिकेतील १०३१ एक्स्चेंज, पायरीपायरीने

अमेरिकेत भाड्याने दिलेले घर विकून दुसरे घेणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांत एक समज पक्का रुजलेला दिसतो. विक्रीचे पैसे आपल्या खात्यात जमा करावेत, सवडीने दुसरी मालमत्ता शोधावी आणि विवरणपत्र भरताना ‘पैसे पुन्हा घरातच गुंतवले’ असे दाखवून भांडवली नफ्यावरील कर वाचवावा, असा तो समज आहे. तो भारतातून सोबत आलेला आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ५४ मध्ये घर विकल्यावर नवे घर विकत घेण्यासाठी दोन वर्षे आणि बांधण्यासाठी तीन वर्षे मिळत, विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसा स्वतःच्या खात्यात राहिला तरी सवलत जात नसे आणि त्यानंतर तो कॅपिटल गेन्स अकाउंटमध्ये ठेवला की काम भागत असे.

अमेरिकेच्या करसंहितेतील कलम १०३१ या तिन्ही बाबतींत वेगळे आहे. या कलमाखाली एक मालमत्ता देऊन दुसरी घेण्याच्या व्यवहाराला ‘१०३१ एक्स्चेंज’ म्हणतात. तेथे विक्रीचा पैसा एक दिवस जरी तुमच्या ताब्यात आला तरी सवलत संपते, नवी मालमत्ता ठरवण्यासाठी ४५ दिवस मिळतात, आणि सगळी तयारी जुन्या घराच्या क्लोजिंगच्या, म्हणजे विक्री पूर्ण होऊन मालकी हस्तांतरित होण्याच्या, आधी पूर्ण झालेली असावी लागते. क्लोजिंगनंतर सल्लागाराकडे गेलेल्या माणसासाठी सल्लागार सहसा काहीही करू शकत नाही. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी : या व्यवहारात कर माफ होत नाही, तो नव्या मालमत्तेवर लादून पुढे ढकलला जातो.

## १. मालमत्ता बसते का, ते आधी पाहा

१ जानेवारी २०१८ पासून ही सवलत फक्त स्थावर मालमत्तेला लागू आहे. त्यातही विकायची आणि घ्यायची अशा दोन्ही मालमत्ता गुंतवणुकीसाठी किंवा व्यवसायातील वापरासाठी धारण केलेल्या असाव्या लागतात. प्रकार सारखाच असण्याचे बंधन नाही, त्यामुळे भाड्याचे टाउनहाउस देऊन दुकानाचा गाळा, मोकळी जमीन किंवा चार युनिटची इमारत घेता येते.

राहते घर यात बसत नाही. दुरुस्त करून लगेच विकण्यासाठी घेतलेले घरही बसत नाही, कारण ते विक्रीसाठी ठेवलेला माल मानले जाते. भागीदारी संस्थेतील हिस्सा आणि आरईआयटीचे, म्हणजे स्थावर मालमत्तेत गुंतवणूक करणाऱ्या ट्रस्टचे, शेअर स्थावर मालमत्ता ठरत नाहीत. डेलावेअर स्टॅच्युटरी ट्रस्टमधील, म्हणजे डीएसटीमधील हिस्सा मात्र अमेरिकी करखात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या, २००४ च्या निर्णयानुसार योग्य रचनेत चालतो.

सुट्टीच्या घराबाबत आयआरएसने २००८ मध्ये एक सुरक्षित चौकट आखून दिली. विक्रीपूर्वी ते घर किमान २४ महिने तुमच्याकडे असावे, त्यातील प्रत्येक १२ महिन्यांत ते बाजारभावाने किमान १४ दिवस भाड्याने दिलेले असावे, आणि तुमचा स्वतःचा वापर १४ दिवस किंवा भाड्याच्या दिवसांच्या १० टक्के, यांपैकी जी संख्या मोठी असेल तिच्या आत असावा. भारतातून येणाऱ्या आईवडिलांना महिनाभर तेथे ठेवले, तर तोही सामान्यतः स्वतःचा वापर धरला जातो.

सावधान : अमेरिकेतील घर विकून पुण्यात फ्लॅट घेतल्यास ही सवलत मिळत नाही. अमेरिकेतील आणि अमेरिकेबाहेरील मालमत्ता एकमेकींच्या ‘सारख्या’ नाहीत, असे कायद्यातच लिहिले आहे. उलट दिशेचा व्यवहारही चालत नाही. पुण्यातील फ्लॅट विकून पुण्यातच दुसरा घेतला आणि भारतात सवलत मिळाली, तरी अमेरिकेच्या करदात्याला तो नफा अमेरिकी विवरणपत्रात दाखवावाच लागतो, कारण भारतीय सवलत तेथे चालत नाही. परदेशातील गुंतवणूक मालमत्तेच्या बदल्यात परदेशातीलच दुसरी, असा व्यवहार १०३१ मध्ये बसू शकतो. मात्र त्यासाठीही पुढे दिलेले सर्व नियम पाळावे लागतात, आणि पुण्यातील विक्रीत ते सांभाळणे फार अवघड जाते.

## २. कागदावर हिशेब मांडा

हा व्यवहार करण्याजोगा आहे का, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. पुढील उदाहरण मुद्दाम सोपे ठेवले आहे.

समजा, भाड्याचे घर ३,००,००० डॉलरला घेतले होते आणि त्यातील इमारतीचा भाग २,४०,००० डॉलरचा होता. निवासी भाड्याच्या इमारतीचा घसारा २७.५ वर्षांत विभागला जातो, म्हणून ११ वर्षांत एकूण ९६,००० डॉलर घसारा होऊन बेसिस, म्हणजे करासाठी धरली जाणारी मालमत्तेची किंमत, २,०४,००० डॉलरवर आला. आता ते घर ५,६०,००० डॉलरला विकले आणि कमिशन व इतर विक्रीखर्च ३५,००० डॉलर झाला. निव्वळ विक्रीमूल्य ५,२५,००० डॉलर आणि नफा ३,२१,००० डॉलर.

थेट विक्री केली, तर घसाऱ्याइतक्या ९६,००० डॉलर नफ्यावर कमाल २५ टक्क्यांनी २४,००० डॉलर कर येतो. उरलेल्या २,२५,००० डॉलरवर १५ टक्के दर धरल्यास ३३,७५० डॉलर होतात. पतीपत्नीचे एकत्रित उत्पन्न या नफ्याखेरीजही २,५०,००० डॉलरच्या वर असेल, तर संपूर्ण नफ्यावर ३.८ टक्क्यांचा गुंतवणूक उत्पन्नावरील अधिभार म्हणजे आणखी १२,१९८ डॉलर लागतात. एकूण केंद्रीय कर ७० हजारांच्या जवळ जातो आणि राज्याचा कर त्यावर वेगळा येतो. एवढी रक्कम नव्या घरात कामाला लागणार असेल, तर पुढील खटाटोप सार्थ आहे.

‘मी घसारा कधी घेतलाच नाही, मग त्यावर कर कसा?’ हा प्रश्न नेहमी येतो. कायदा घेतलेला किंवा घेता आला असता तो घसारा वजा करतो, त्यामुळे न घेतल्याने काहीच वाचत नाही. विक्रीच्या आधी सल्लागाराकडून राहिलेला घसारा दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे ठरते.

नफा थोडा असेल, किंवा त्या घराचे मागील वर्षांचे, इतर उत्पन्नातून वजा न झाल्याने अडकून राहिलेले तोटे नफ्याच्या बरोबरीचे असतील, तर एक्स्चेंज करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्ण विक्रीत ते तोटे मोकळे होतात आणि नफ्याला छेदतात. एक्स्चेंज केल्यास ते अडकलेलेच राहतात, शिवाय ४५ दिवसांच्या घाईत चुकीचे घर गळ्यात पडण्याची जोखीमही येते.

तपासा : मूळ खरेदीचे सेटलमेंट स्टेटमेंट (व्यवहाराचे अंतिम हिशेबपत्र), सुधारणांच्या पावत्या, घसाऱ्याचे सर्व वर्षांचे तक्ते, विवरणपत्रांतील अडकलेल्या तोट्यांचे पान आणि कर्जाची आजची शिल्लक हाताशी आहे ना?

## ३. नाव कोणाचे?

जो करदाता विकतो त्याच करदात्याने घ्यायचे असते. मराठी कुटुंबांत घर पतीच्या नावावर असते आणि नवे घर ‘दोघांच्या नावावर घेऊ’ असे घरात सहज ठरते, पण १०३१ मध्ये हा भावनेचा नसून व्यवहार टिकण्याचा प्रश्न आहे. जुने डीड, म्हणजे मालकीचा दस्त, एकट्याच्या नावावर असेल, तर नवे डीडही त्याच नावावर ठेवणे हा सुरक्षित मार्ग आहे. कर्ज देणारी बँक शेवटच्या आठवड्यात जोडीदाराचे नाव डीडवर घालण्याचा आग्रह धरते, म्हणून बँकेशी हे बोलणे आधीच उरकावे.

एकाच सदस्याची एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) करासाठी सहसा वेगळी व्यक्ती मानली जात नाही, त्यामुळे विक्री तुमच्या नावाने आणि खरेदी तुमच्या अशा एलएलसीच्या नावाने झाली तरी चालते. स्वतःच्या रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्टचेही, म्हणजे हयातीत रद्द करता येणाऱ्या ट्रस्टचेही, तसेच आहे. मात्र एलएलसीत पतीपत्नी असे दोन सदस्य आले की न्यू जर्सीसारख्या राज्यात ती भागीदारी ठरते, आणि मग विक्री व खरेदी दोन्ही त्या एलएलसीनेच कराव्या लागतात. टेक्सास व कॅलिफोर्नियात पतीपत्नीची सामाईक मालमत्ता मानण्याची पद्धत असल्याने तेथील जोडप्यांना अशी एलएलसी स्वतंत्र न मानण्याचा पर्याय मिळतो. मित्रामित्रांनी मिळून केलेल्या एलएलसीतील एकाला एक्स्चेंज करायचे आहे आणि दुसऱ्याला रोख हवी आहे, अशी परिस्थिती असेल, तर वकिलाकडे विक्रीच्या बऱ्याच आधी जावे. क्लोजिंगच्या तोंडावर हिस्से वेगळे केल्यास गुंतवणुकीसाठी धारण केल्याचा दावा कच्चा राहतो.

## ४. मध्यस्थ नेमा, क्लोजिंगच्या आधी

क्वालिफाइड इंटरमीडियरी हा या व्यवहाराचा कणा आहे. विक्रीचा पैसा तो स्वीकारतो, सांभाळतो आणि त्यातून नव्या मालमत्तेचे पैसे भरतो. ज्या व्यक्तीने गेल्या दोन वर्षांत तुमची कर्मचारी, वकील, अकाउंटंट, गुंतवणूक बँकर किंवा रिअल इस्टेट एजंट म्हणून कामे केली आहेत, ती मध्यस्थ होऊ शकत नाही, आणि तुमचे नातेवाईकही होऊ शकत नाहीत. त्यामुळे ‘आमचे सीपीए (सनदी लेखापाल) काका पैसे ठेवून घेतील’ ही सोय येथे नाही. काकांनी सल्ला जरूर द्यावा, पैसा मात्र त्यांच्या खात्यात जाऊ नये.

मध्यस्थ निवडताना सर्वांत जास्त वेळ पैशाच्या सुरक्षिततेच्या चौकशीला द्यावा. या व्यवसायावर केंद्र सरकारचे थेट नियमन नाही, मोजक्या राज्यांनी स्वतःचे कायदे केले आहेत. नोव्हेंबर २००८ मध्ये लँडअमेरिका १०३१ एक्स्चेंज सर्व्हिसेस ही मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा ग्राहकांचे विक्रीचे पैसे विकता न येणाऱ्या रोख्यांत अडकून पडले होते. मोठे नाव ही हमी नव्हे, एवढे त्यावरून कळते. म्हणून पुढील प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरेही लेखी घ्यावीत : माझा पैसा स्वतंत्र खात्यात राहील की सर्वांच्या एकत्र खात्यात? तो काढण्यासाठी माझीही सही लागेल का? फिडेलिटी बाँड (अफरातफरीविरुद्धची हमी) आणि चुकांसाठीचा विमा किती रकमेचा आहे? व्याज कोणाला मिळेल? शुल्कातील शेदोनशे डॉलरच्या फरकावर निवड करणे या ठिकाणी शोभत नाही.

करार झाल्यावर जुन्या विक्रीकरारातील तुमचे हक्क मध्यस्थाकडे वर्ग झाल्याची लेखी सूचना खरेदीदारासह सर्व पक्षांना क्लोजिंगपूर्वी गेली पाहिजे. सूचना तयार करण्याचे काम मध्यस्थ करतो, पण ती खरोखर गेली का, हे तुम्ही पाहायचे.

सावधान : करारावर सही केल्यावर पैसा मागाल तेव्हा परत मिळत नाही. ४५ दिवसांत एकही मालमत्ता कळवली नाही, तर त्या मुदतीनंतर तो मिळतो. कळवली असेल, तर कळवलेल्यांपैकी हक्काच्या सर्व मालमत्ता घेऊन झाल्यावर किंवा १८० दिवस संपल्यावरच साधारणपणे मिळतो. ‘विसाव्या दिवशी विचार बदलला तर पैसे घेऊ’ असे गृहीत धरून मुलांच्या कॉलेजची फी यावर अवलंबून ठेवू नये.

## ५. जुन्या घराची विक्री

विक्रीच्या करारात एक्स्चेंजमध्ये सहकार्य करण्याचे आणि करार वर्ग करता येण्याचे कलम घालून घ्यावे. बयाणा एस्क्रोमध्ये, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यातील खात्यात, राहू द्यावा, स्वतःच्या खात्यात घेऊ नये. टायटल कंपनीला, म्हणजे मालकीहक्क तपासून क्लोजिंग पार पाडणाऱ्या कंपनीला, मध्यस्थाचे नाव आणि संपर्क सुरुवातीलाच द्यावा.

क्लोजिंगच्या दोनतीन दिवस आधी सेटलमेंट स्टेटमेंटचा मसुदा मागवून विक्रेत्याच्या रकान्यातील प्रत्येक ओळ वाचावी. कमिशन, टायटलचा खर्च, हस्तांतर कर आणि मध्यस्थाचे शुल्क एक्स्चेंजच्या पैशातून गेले तर हरकत नाही. भाडेकरूचे डिपॉझिट आणि पुढील महिन्याच्या भाड्याचा हिस्सा खरेदीदाराला देणे असते आणि टायटल कंपनी सवयीने ते विक्रीच्या रकमेतून वळते करते. पण ते तुमचे देणे असल्याने तेवढा पैसा तुम्हाला मिळाल्यासारखा धरला जाऊ शकतो आणि त्यावर कर लागू शकतो. भाडेकरूचे ४,००० डॉलर डिपॉझिट असेल, तर तेवढा धनादेश स्वतःच्या खात्यातून क्लोजिंगला न्यावा आणि ती ओळ ‘विक्रेत्याने बाहेरून दिले’ अशी नोंदवून घ्यावी. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि ते मसुद्याच्या वेळीच होते.

शेवटच्या ओळीत ‘विक्रेत्याला देय’ ही रक्कम शून्य असावी आणि निव्वळ रक्कम मध्यस्थाच्या नावाने दिसावी. आपल्या उदाहरणात कर्ज १,५०,००० डॉलर असेल, तर मध्यस्थाकडे ३,७५,००० डॉलर जातील.

राज्याची उगमकपातही याच वेळी सोडवायची असते. न्यू जर्सी सोडून दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या विक्रेत्याकडून क्लोजिंगला आगाऊ कर मागितला जातो. जीआयटी/आरईपी-३ या फॉर्ममध्ये कलम १०३१ चा पर्याय आहे, तो लागू असल्यास भरून द्यावा. कॅलिफोर्नियात हेच काम फॉर्म ५९३ करतो.

भारतात परतलेल्यांसाठी : ग्रीन कार्ड सोडून भारतात स्थायिक झालेली व्यक्ती अमेरिकेच्या करकायद्यात सामान्यतः परदेशी विक्रेता ठरते आणि फर्प्टा कायद्यानुसार खरेदीदाराला विक्रीच्या रकमेतून १५ टक्के कापून आयआरएसकडे भरावे लागतात. ती रक्कम कापली गेली की मध्यस्थाकडे तेवढे कमी पोचते आणि एक्स्चेंज अपुरे पडते. कपात कमी करण्याचा किंवा टाळण्याचा अर्ज फॉर्म ८२८८-बी वर क्लोजिंगच्या तारखेपर्यंत गेला पाहिजे. त्यासाठी करदाता क्रमांकही लागतो, म्हणून परतलेल्यांनी ही तयारी घर बाजारात आणण्यापूर्वीच सुरू करावी.

## ६. पंचेचाळीस दिवस

बहुतेक एक्स्चेंज येथे बुडतात. जुन्या घराचे हस्तांतर झाले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू होते, आणि शनिवार, रविवार, नाताळ सर्व धरून ४५ दिवस मोजले जातात. उदाहरणार्थ, २० नोव्हेंबर २०२५ ला क्लोजिंग झाले असेल, तर ४५ वा दिवस ४ जानेवारी २०२६ ला, रविवारी येतो. तो सोमवारवर ढकलला जात नाही. आयआरएसने जाहीर आपत्तीसाठी खास मुदतवाढ दिली असेल तर गोष्ट वेगळी, एरवी मुदत वाढवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

या काळात घर विकत घ्यायचे नसते, कोणते घेणार हे लेखी कळवायचे असते. पत्रात मालमत्ता संदिग्धता न ठेवता लिहावी : पूर्ण पत्ता, कॉन्डो असेल तर युनिटचा क्रमांक, जमीन असेल तर नोंदणीतील वर्णन. ‘ऑस्टिनमधील एक डुप्लेक्स’ असे लिहून भागत नाही. पत्रावर तुमची सही असावी आणि ते मध्यस्थाकडे मुदतीच्या आत पोचते झालेले असावे. रिअल्टरला पाठवलेला मेसेज किंवा सीपीएशी फोनवर झालेले बोलणे हे कळवणे ठरत नाही.

किती मालमत्ता कळवता येतात, याचे तीन पर्याय आहेत. किंमत कितीही असो, तीनपर्यंत मालमत्ता कळवता येतात. तीनपेक्षा जास्त कळवायच्या असतील, तर त्यांची एकूण बाजारकिंमत विकलेल्या मालमत्तेच्या किमतीच्या दुपटीच्या आत असावी. हीही मर्यादा ओलांडली, तर कळवलेल्या मालमत्तांपैकी किमतीने ९५ टक्के प्रत्यक्ष घ्याव्या लागतात. शेवटच्या पर्यायाच्या वाटेला जाऊ नये. बहुतेकांना तीनचा पर्याय पुरतो, आणि तिन्ही जागा वापराव्यात. मनातील घर एकच असले तरी उरलेल्या दोन जागी खरोखर घेता येतील अशी घरे लिहावीत. तपासणीत पायाला तडा निघाला किंवा विक्रेत्याने मागे घेतले, तर ४५ दिवसांनंतर चौथे नाव घालता येत नाही. मुदतीच्या आत मात्र जुने पत्र लेखी रद्द करून नवे देता येते.

नात्यातील व्यक्तीकडून मालमत्ता घेण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. भाऊ, बहीण, आईवडील, मुले किंवा तुमच्या नियंत्रणातील कंपनी यांच्याकडून मध्यस्थामार्फत घेतल्यास आयआरएस असा व्यवहार सहसा मान्य करत नाही. नात्यात थेट अदलाबदल झाली, तर दोघांनीही मालमत्ता किमान दोन वर्षे ठेवायची असते.

तपासा : घराचा शोध जुन्या घराच्या विक्रीकरारावर सही झाली त्याच आठवड्यात सुरू झाला आहे ना? बँकेचे कर्जपूर्व मंजुरीपत्र तयार आहे ना? पत्र पोचल्याची पोच ठेवली आहे ना?

एखादे चांगले घर आधीच हाती लागले आणि जुने अजून विकायचे असेल, तर उलटे एक्स्चेंज करता येते. त्यात २००० मध्ये आयआरएसने ठरवलेल्या पद्धतीप्रमाणे एक त्रयस्थ संस्था नव्या किंवा जुन्या मालमत्तेचे डीड तात्पुरते स्वतःच्या नावावर ठेवते आणि सर्व व्यवहार १८० दिवसांत पुरा करायचा असतो. खर्च बराच जास्त येतो. घर स्वतःच्या नावावर घेऊन टाकल्यावर मात्र हा मार्ग बंद होतो.

## ७. नवी खरेदी आणि ‘बूट’चा हिशेब

नवी मालमत्ता १८० दिवसांत ताब्यात आली पाहिजे. हे १८० दिवस जुन्या घराच्या हस्तांतरापासूनच मोजले जातात, ४५ संपल्यावर नव्याने सुरू होत नाहीत. दुसरी अट अनेकांना माहीतच नसते : ज्या वर्षी विक्री झाली त्या वर्षाच्या विवरणपत्राची अंतिम तारीख आधी आली, तर मुदत तेथेच संपते. वरील उदाहरणात १८० वा दिवस १९ मे २०२६ ला येतो, पण विवरणपत्राची तारीख १५ एप्रिल आहे. फॉर्म ४८६८ भरून विवरणपत्राची मुदत वाढवून घेतली, तरच पूर्ण १८० दिवस मिळतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर विक्री झालेल्या प्रत्येकाने हा फॉर्म भरावा, आणि खरेदी पूर्ण होण्याआधी विवरणपत्र भरण्याची घाई करू नये.

कर पूर्ण पुढे ढकलायचा असेल, तर दोन कसोट्या पाळाव्यात. नव्या मालमत्तेची किंमत जुन्याच्या निव्वळ विक्रीमूल्याइतकी किंवा त्याहून जास्त असावी, आणि मध्यस्थाकडील संपूर्ण पैसा तिच्यात गेला पाहिजे. तफावतीला ‘बूट’ म्हणतात आणि नफ्याच्या मर्यादेत तिच्यावर कर लागतो.

उदाहरण पुढे नेऊ. नवे घर ५,२५,००० डॉलरचे असेल, त्यात ३,७५,००० एक्स्चेंजचे आणि १,५०,००० कर्जाचे, तर बूट शून्य. त्याऐवजी घर ४,८०,००० डॉलरचे घेतले आणि कर्ज १,५०,००० च ठेवले, तर मध्यस्थाकडे ४५,००० डॉलर उरतात आणि ती रोख बूट होते. सगळे ३,७५,००० घातले आणि कर्ज १,०५,००० डॉलरचेच घेतले, तरी कर्ज ४५,००० ने कमी झाल्याने तेवढीच बूट होते. दोन्ही वेळा करपात्र नफा ४५,००० डॉलर असतो, आणि तो सामान्यतः आधी घसाऱ्याच्या भागातून धरला जात असल्याने दर कमाल २५ टक्के, म्हणजे ११,२५० डॉलरपर्यंत कर. कर्ज नको असेल, तर कमी झालेल्या कर्जाइतकी रोख स्वतःच्या खिशातून घालता येते. मात्र नवे कर्ज जास्त काढून रोख बूट भरून निघत नाही. थोडी रोख बाहेर काढणे आणि कर्ज वाढवणे हा हिशेब येथे लागू होत नाही.

दुरुस्तीबाबत मोठा गैरसमज आहे. ४,८०,००० चे घर घेऊन त्यावर ४५,००० डॉलर खर्च करू, म्हणजे किंमत जुळेल, असे अनेकांना वाटते. घर तुमच्या नावावर झाल्यानंतर केलेला खर्च एक्स्चेंजमध्ये धरला जात नाही. बांधकाम धरायचे असेल, तर डीड तुमच्या नावावर येण्याआधी त्रयस्थ संस्थेच्या नावाखाली ते काम १८० दिवसांत व्हावे लागते, आणि त्याची रचना सुरुवातीलाच करावी लागते.

कर्जाचे शुल्क, विमा आणि मालमत्ता कराचा आगाऊ हिस्सा स्वतःच्या पैशातून भरावा. घराबरोबर फर्निचर येत असेल, तर ते नव्या स्थावर मालमत्तेच्या किमतीच्या १५ टक्क्यांच्या आत असल्यास एक्स्चेंज मोडत नाही, पण फर्निचरपोटी गेलेली रक्कम बूटच ठरते.

## ८. विवरणपत्र

ज्या वर्षी जुने घर हस्तांतरित झाले, त्या वर्षाच्या विवरणपत्राला फॉर्म ८८२४ जोडायचा असतो, नवे घर पुढच्या वर्षी घेतले असले तरीही. त्यात विक्री, कळवणे आणि ताबा यांच्या तारखा लागतात, म्हणून दोन्ही सेटलमेंट स्टेटमेंट आणि मालमत्ता कळवल्याचे पत्र एकाच फाइलमध्ये ठेवावे.

सर्वांत महाग चूक घसाऱ्यात होते. सॉफ्टवेअरमध्ये नवे घर ५,२५,००० डॉलरला ‘खरेदी’ म्हणून टाकले, की त्या पूर्ण किमतीवर घसारा सुरू होतो, आणि काही वर्षांनी तो सर्व उलटा फिरवावा लागतो. बेसिस हा खरेदी किमतीतून पुढे ढकललेला नफा वजा करून येतो : ५,२५,००० मधून ३,२१,००० वजा जाता २,०४,००० डॉलर, म्हणजे जुन्या घराचाच बेसिस. घर ६,००,००० डॉलरचे घेतले असते, तर तो २,७९,००० झाला असता. जुन्या बेसिसचा घसारा सामान्यतः जुन्याच वेळापत्रकाने चालू राहतो आणि वाढीव ७५,००० डॉलरचा, जमिनीचा भाग वगळून, नव्याने सुरू होतो.

कॅलिफोर्नियातील मालमत्ता देऊन टेक्सासमध्ये घर घेतलेल्यांनी फॉर्म ३८४० दरवर्षी कॅलिफोर्नियाकडे भरायचा असतो. राज्य सोडले तरी तेथे मिळवलेल्या नफ्यावरील राज्याचा हक्क संपत नाही, आणि ही नोंद नफा करपात्र होईपर्यंत चालू ठेवावी लागते.

## ९. घेतल्यानंतर आणि फसल्यास

नवे घर लगेच राहायला वापरू नये. किती काळ भाड्याने द्यावे, याची वर्षे कायद्याने ठरवलेली नाहीत, हेतू पाहिला जातो. सुट्टीच्या घरासाठीची २४ महिन्यांची चौकट नव्या मालमत्तेलाही लागू आहे, आणि मी तीच किमान धरण्याचा सल्ला देईन. लेखी भाडेकरार, बाजारभावाचे भाडे आणि ते बँकेत जमा झाल्याच्या नोंदी हा हेतूचा पुरावा असतो. पुढे त्या घरात राहायला गेलात, तर राहत्या घराच्या विक्रीवरील सवलत मिळण्यासाठी घर घेतल्यापासून पाच वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, आणि तेव्हाही भाड्याच्या काळाच्या प्रमाणात काही नफा करपात्र राहतो.

एक्स्चेंज फसले, म्हणजे ४५ दिवसांत घर ठरले नाही किंवा १८० दिवसांत मिळाले नाही, तर पैसा परत येतो आणि नफा करपात्र होतो. त्यावर दंड नसतो. सुरुवातीला एक्स्चेंजचा खरा हेतू असेल आणि पैसा पुढच्या करवर्षात हाती आला असेल, तर हप्त्यांच्या विक्रीच्या नियमाने तो नफा पैसा मिळाल्याच्या वर्षात दाखवता येतो. विक्रीवेळी फेडलेले कर्ज बेसिसपेक्षा जास्त असेल, तर तेवढा भाग मात्र विक्रीच्याच वर्षात येतो. अशा वेळी पैसा परत आला त्याच तिमाहीत अंदाजे कराचा हप्ता भरावा, नाहीतर उशिराचे व्याज लागते.